क्रम उलटा करावा: आधी पाणी, मग डोंगर

एकाच दिवसात डोंगर आणि तळे दोन्ही करायचे तर सकाळच्या गारव्यात डोंगर चढून दुपारी तळ्यात कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) चालवावी, ही सूचना सोयीची वाटली तरी मला तिचा क्रम उलटा करावासा वाटतो. उन्हाळ्यात जमीन पाण्यापेक्षा लवकर तापत असल्यामुळे मोठ्या जलाशयावर दुपारी अनेकदा वारा उठतो, आणि सकाळी आरशासारखे शांत असलेले पाणी तेव्हा नवख्यांना झेपत नाही. म्हणून पाण्यात लवकर उतरावे, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवावे आणि दमून परतताना वारा पाठीशी राहील असे पाहावे. दोघांच्या कयाकमध्ये अनुभवी माणसाने मागे बसावे, कारण दिशा तेथून सांभाळता येते. लय मात्र पुढच्याची पाळावी. (नवरा-बायकोचे निम्मे वाद एवढ्यानेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.) लाइफ जॅकेट पट्टे आवळून अंगातच हवे, पायाशी ठेवलेले नव्हे, कारण हवा कितीही उष्ण असली तरी १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वासावरचा ताबा सुटतो आणि पट्टीचा पोहणाराही गडबडतो.

चढाईसाठी ऊन कलल्यावरची छोटी, सावलीची वाट पुरे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा साधारणपणे ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास असा आहे. मुले सोबत असतील तर मी तो वेळ सरळ दीडपट धरतो आणि मागे फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवतो.