कू खुलिनला मारलं कोणी, भाल्यानं की गेशनं?

माळरान:
आयरिश पुराणकथांत पलीकडचं जग, रूप पालटणाऱ्या देवी, तीन-तीननं येणारी माणसं हे सगळं पुन्हा पुन्हा भेटतं. मला मात्र सगळ्यात जास्त हलवतो तो गेश. म्हणजे एकेका माणसावर पडलेलं बंधन: अमुक करायचं नाही, केलंस की संपलास.

आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टर प्रांताचा वीर कू खुलिन घ्या. लहानपणी हा सेतांता. कुलान लोहाराकडे मेजवानीला उशिरा पोचला, राखणीचा कुत्रा अंगावर आला, यानं तो मारला. लोहार हळहळला, तेव्हा पोरगा म्हणाला, दुसरं पिल्लू मोठं होईतो राखण मी करतो. तेव्हापासून तो कू खुलिन, कुलानचा कुत्रा. म्हणून कुत्र्याचं मांस वर्ज्य. दुसरा गेश असा, की चुलीवर काही शिजत असेल तर न खाता पुढे जायचं नाही.

शेवटच्या लढाईला निघाला तर वाटेत तीन म्हाताऱ्या, डाव्या डोळ्यानं आंधळ्या, रोवन झाडाच्या काड्यांवर कुत्रा भाजत बसलेल्या. एकीनं डाव्या हातानं तुकडा दिला. यानं डाव्या हातानं घेऊन खाल्ला, उरलेला डाव्या मांडीखाली ठेवला. त्या हातातलं आणि मांडीतलं पूर्वीचं बळ तिथंच गेलं. त्याला मारणाऱ्या शत्रूचा, लुगदचा, भाला नंतरचा. माझ्या मते तो त्या चुलीपाशीच मेला, आणि सुटायला वाट नव्हती.

रानमेवा:
असहमत. वाट होती. तो थांबणारच नव्हता, हे तुम्ही गाळलंत. म्हातारी म्हणाली, मोठी मेजवानी असती तर थांबला असतास. ते त्याला लागलं. गरिबाच्या चुलीकडे पाठ फिरवली असं कोणी म्हणू नये म्हणून तो वळला. दोन गेशांतला कुठला मोडायचा, हे त्यानं स्वतः ठरवलं.

दुसऱ्या एका आयरिश कथेतल्या कोनारे राजाचंही तसंच. तीन लाल माणसं आपल्यापुढे 'लाल' नावाच्या माणसाच्या घरी जाऊ द्यायची नाहीत, हा त्याचा एक गेश. ती तिघं पुढे निघतात, हाका मारूनही थांबत नाहीत, तेव्हा राजा हतबल वाटतो. पण सुरुवात कुठं झाली? सोबत वाढलेले भाऊ लूटमार करत होते, आणि यानं त्यांना फाशी न देता समुद्रापार धाडलं. तेच सैन्य घेऊन परत आले. आधी न्याय चुकला, मग एकेक गेश तुटत गेला.

माळरान:
कोनारेचं पटलं. त्याच्याकडून खरंच चूक झाली होती. कू खुलिनची चूक दाखवा. कर्णाला शाप मिळाले ते त्याच्या हातून काही घडल्यावर. याच्या वाट्याला तर दोन चांगल्याच गोष्टी आल्या: नावाची लाज आणि अन्नाचा मान. त्याच एकमेकींवर आदळल्या.

तिसरा प्रहर:
दोघंही एक विसरताय. हे लिहून ठेवणारे मठांत शिकलेले ख्रिस्ती लेखनिक होते. पापाला शिक्षा ही चौकट त्यांची असणार.

रानमेवा:
सरसकट नको. बाराव्या शतकातल्या लेन्स्टरच्या हस्तलिखितात 'तान'च्या, म्हणजे कू खुलिनच्या पराक्रमाच्या मोठ्या कथेच्या, शेवटी लेखनिक आयरिशमध्ये आशीर्वाद देतो, जो ही कथा न बदलता पाठ ठेवील त्याचं भलं होवो. लगेच खाली लॅटिनमध्ये लिहितो, माझा यावर विश्वास नाही, यात काही सैतानाची फसवणूक आहे, काही कवींची कल्पना. न पटलेलं जसंच्या तसं उतरवणारा माणूस आहे हा. माझा त्याच्यावर भरवसा आहे.

आणि माळरान, शेवट बघा. घायाळ झाल्यावर कू खुलिन कमरपट्ट्यानं स्वतःला उभ्या दगडाशी बांधून घेतो, बसून किंवा पडून मरायचं नाही म्हणून. लाउथ परगण्यात नॉकब्रिजजवळ तो दगड लोक आजही दाखवतात. खांद्यावर पक्षी बसेपर्यंत शत्रू जवळ यायला धजत नाहीत. हे बांधून घेणं कुठल्या गेशनं सांगितलं होतं?

माळरान:
कुठल्याच नाही, मान्य. ते त्याचं स्वतःचं. पण पट्टा आवळताना त्याचा डावा हात कसा चालला असेल, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत राहतं.