थंड पाण्यात स्कूबा: ऊब कशी राखायची? (अनुभव धागा)

तारकर्लीत ३ मिमीच्या वेटसूटवर (आत थोडं पाणी शिरू देणारा रबरी सूट) भागतं. पण रीतसर परवानगी काढून हिवाळ्यात नाशिकच्या आसपासच्या धरणात उतरायचं किंवा परदेशातल्या गार पाण्यात जायचं, तर काय लागतं? माहीतगारांनी लिहावं. गप्पा नकोत, मापं आणि कारणं द्या.

कॉलेज रोडकर
पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढतं. ढोबळ हिशेब असा: २४ अंशांच्या वर ३ मिमी, १८ ते २४ मध्ये ५ मिमी, १२ ते १८ मध्ये ७ मिमी आणि हुड (डोकं-मान झाकणारी टोपी). १२ अंशांच्या खाली ड्रायसूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा सूट. दिवसात दुसरी डाइव्ह असेल तर एक पायरी जाड घ्या.

पण आधी माप बघा. सूट घालून पुढे वाका. कंबरेमागे किंवा काखेत पोकळी राहिली तर आतलं, अंगाने तापलेलं पाणी प्रत्येक हालचालीला बाहेर फेकलं जातं आणि गार पाणी आत येतं. असा ७ मिमीचा सूट नेमक्या बसणाऱ्या ५ मिमीपुढे हरतो. भाड्याचे जुने सूट दाबून पाहा. चेपटलेलं निओप्रिन (सूटचं फेसाळ रबर) पुन्हा फुगत नाही.

सातपूर
खोलीचं विसरू नका. ऊब देतात ते निओप्रिनमधले वायूचे बुडबुडे. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे ७ मिमीचा सूट जवळपास निम्म्यावर येतो. तरंगण्याची ताकदही तेवढीच जाते. उन्हाळ्यात धरणाचं वरचं पाणी कोमट लागतं, खाली एका थरानंतर एकदम गारवा येतो. सूट तळाच्या तापमानाला निवडा.

गंगापूर रोड
अर्धी ऊब डोक्यातून जाते ही लोणकढी आहे. तरी हुड हवाच, कारण थंडीत टाळूच्या रक्तवाहिन्या हातापायांसारख्या आकसत नाहीत. हुडची झालर सूटच्या आत खोचा, नाहीतर मानेवरून पाणी थेट पाठीत उतरतं.

इंदिरानगर
ड्रायसूटमध्ये बहुतेक गळती मनगटात. मूठ आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूला दोन कंडरा (टेंडन) ताठ होतात, त्यांच्या शेजारच्या खाचेतून पाणी शिरतं. सील (मनगटाचा रबरी कफ) हाडाच्या वर, कोपराकडे दोन बोटं सरकवा. मानेच्या सीलखाली एक केस अडकला तरी पुरतो. लॅटेक्सला बिनवासाची टाल्कम पावडर लावा. सुगंधी पावडरीतल्या तेलाने रबर खराब होतं.

आत सुती काहीही नको, घाम धरून ठेवतं. मेरिनो किंवा पॉलिएस्टर, त्यावर जाड अस्तर. अस्तर बदललं की शिशाचं वजन पुन्हा तपासायचं. खाली जाताना सूटमध्ये हवा थोडी थोडी सोडा, बटण दाबून धरलं तर व्हॉल्व्ह गोठू शकतो.

पंचवटी
रेग्युलेटरबद्दल (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र) कोणीच बोललं नाही! १० अंशांखाली थंड पाण्यासाठीचा, सीलबंद फर्स्ट स्टेजवालाच (टाकीवर बसणारा भाग) घ्या. पसरणारी हवा गार होते, आत बर्फ धरतो आणि हवा धो धो सुटते. काठावर त्यातून श्वास घेऊन बघू नका. तोंडातली वाफ आत जाते. तरंगण्याचं जॅकेट फुगवणं आणि पर्ज (बटण दाबून रेग्युलेटरमधून हवा सोडणं) एकाच वेळी कधीच नाही.

नाशिकरोड
तळाशी अंग गरम आणि वर येताना गार, ही जोडी डीकम्प्रेशनसाठी (अंगात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बाहेर पडण्यासाठी) सर्वात वाईट. गारठलेल्या कातडीतून नायट्रोजन हळू निघतो. बाहेर आल्याआल्या कढत पाण्याची अंघोळही नको, अंगात नायट्रोजनचे बुडबुडे धरू शकतात. कोरडे कपडे, टोपी, विंडचीटर, थर्मासमधला चहा. मिसळ नंतर, डाइव्हआधी तर्री घशाशी येते.

नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे डाइव्ह कॉम्प्युटरला (खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र) उंचीची सेटिंग लागते. कोकणातून परततानाही घाट चढावाच लागतो: एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त झाल्या असतील तर १८ तास थांबून निघा.

सिडको
अंगठा करंगळीला टेकत नसेल तर त्या हाताने बकल सुटणार नाही. तेव्हाच वर यायचं, कुडकुडायची वाट बघू नका. आणि सूट सावलीत वाळवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात लॅटेक्स लवकर तडकतं.