'वायंगण' माणसाच्या आयुष्याला लावता येतं का?

सुरंगी (वेंगुर्ले)
आठ दिवस एका शब्दावर अडून बसले आहे. आमच्याकडे बायकांचं दोन दिवसांचं शिबिर आहे. मुलं मुंबई-पुण्याला लागली, घरातली म्हातारी माणसं गेली, वय पन्नाशी-पंचावन्न. पुढची वीस-पंचवीस वर्षं कशी काढायची, नव्हे कशी जगायची, यावर बोलायचं आहे. इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी माझ्याकडे आलं. त्यात 'नेक्स्ट चॅप्टर' आहे. 'पुढचा अध्याय' म्हटलं की पोथी डोळ्यांसमोर येते. मी लिहिलं 'आयुष्यातलं वायंगण'.

हा शब्द माझ्या सासूचा. ती म्हणायची, "पोरां मार्गाक लागली, म्हातारेचां केलंय, आता माजां वायंगण." साठीला टेकल्यावर तिनं पहाटे उठून सुरंगीच्या कळ्या वेचून वळेसर (गजरे) करून विकायला सुरुवात केली. आलेला पैसा स्वतःच्या डब्यात ठेवायची आणि कोणाला हिशेब द्यायची नाही.

आमच्यातल्या एका जाणत्या बाईंनी शब्द खोडला. "वायंगण म्हणजे भाताचं दुसरं पीक. माणसाला लावत नाहीत. 'उत्तरायुष्य' लिहा." कोणी हा शब्द असा ऐकलाय का?

माडाखालून (गुहागर)
आमच्या बाजूला हा शब्द मी ऐकलेला नाही. आम्ही उन्हाळी भात म्हणतो, कागदावर 'दुबार'. तुम्हाला 'उसंत' का चालत नाही? आई मे महिन्यात साठं, फणसपोळ्या, पापड असं सगळं आवरून जूनच्या पहिल्या पावसात ओटीवर टेकायची आणि म्हणायची, "आता जरा उसंत."

सुरंगी
उसंत दोन कामांच्या मधली असते, तिच्यानंतर पुन्हा तेच काम येतं. मला पेरणीचा शब्द हवाय.

कोशप्रेमी
मराठीला शब्द शोधायची गरजच नाही, 'वानप्रस्थ' आहे. संसार मुलांच्या हाती देऊन थोडं बाजूला होणं, इतका नेमका अर्थ दुसऱ्या शब्दात नाही. बोलीतले शब्द प्रमाण लेखनात आणले तर सावंतवाडीत कळेल ते नाशकात कळणार नाही.

ओहोळ
वानप्रस्थ पुरुषाचा शब्द आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या श्लोकात सुरकुत्या, पिकले केस आणि नातवंड दिसलं की गृहस्थानं अरण्यात जावं म्हटलंय, आणि लगेच तिसऱ्या श्लोकात बायकोला मुलांच्या हवाली करून किंवा तिला बरोबर घेऊन. जाणारा तो, ती सोपवली जाणारी. ज्या बाईनं चाळीस वर्षं घर उचललं तिच्या पुढच्या आयुष्याला हा शब्द मी लावणार नाही. शिवाय शिबिर वेंगुर्ल्याच्या बायकांसाठी आहे. नाशकात कळलंच पाहिजे असं का?

निवृत्त शिक्षक (राजापूर)
लोक 'सेकंड इनिंग' म्हणतात, सगळ्यांना कळतं, तेच लिहा. शब्द वापरानं मराठी होतो. टेबल झालंच ना?

ओहोळ
टेबल घरात आलं, मग शब्द आला. आमच्या बायकांना पहिली इनिंग संपल्याचं सांगितलं कोणी?

पाणंद
सुरंगीताई, तुमच्या सासूबाईंच्या वाक्यात मी 'केलंय'पाशी थांबले. "म्हातारेचां केलंय." काय केलं? कर्मच नाही. "तिनं सासूचं बारा वर्षं केलं" म्हटलं की आंघोळ घालणं, पेज भरवणं, रात्री कूस बदलणं, औषधांच्या वेळा, सगळं त्या एका 'केलं'मध्ये आलं. मी माझ्या वडिलांचं नऊ वर्षं केलं. ते गेल्यावर तीन महिने रोज पहाटे चारला जाग यायची, त्यांच्या कुशीच्या वेळेला. एक गोष्ट लक्षात आली. 'माझं केलं' असं आपण म्हणत नाही. नव्वदीची आजी "अजून स्वतःचं स्वतः करते" एवढंच म्हणतो, म्हणजे ती दुसऱ्यावर पडलेली नाही. बाईनं स्वतःसाठी काही करण्याला आपल्याकडे साधं क्रियापदही रुळलेलं नाही. तुमच्या सासूबाईंना ते शेतातून आणावं लागलं. माझ्या मते शब्द ठेवा.

मळेवाला (कुडाळ)
वायंगणाबद्दल थोडी दुरुस्ती. आमच्या घरात वायंगण म्हणजे आधी जमीन, मग पीक. ज्या मळ्याला पावसाळ्यानंतरही पाणी मिळतं तो वायंगणी मळा. भरडावर, म्हणजे कोरड्या जमिनीवर, वायंगण होत नाही. पावसाळी भाताला पाणी आभाळ देतं, वायंगणाला आपण द्यायचं. दिवाळीनंतर वहाळाला (ओढ्याला) बांध घालायचा, पाट काढायचे, पाळ्या लावायच्या. बांध वेळेत पडला नाही तर वायंगण गेलं. म्हणून शिबिराला शब्द चांगला आहे, पण त्यात पाण्याची तजवीज येते हेही सांगा.

खारफुटी
आणि जमिनीची! वायंगण कोणाच्या जमिनीत? सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं नाहीतर दिराचं. नवरा हयात असताना बायकोचं नाव चढवायला लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे, पण आमच्या वाडीत कोणाला ठाऊक नव्हती. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, तरी भाऊ कागद पुढे करतो आणि आपण सही करून हक्क सोडतो. माझ्या थोरल्या बहिणीनं सोडला. आज तिला आठ-दहा कलमं लावायची आहेत आणि पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे. शिबिरात तलाठ्याला बोलवा.

सुरंगी
हे मनात घेतलं, खरंच. शिकण्याचंही ठेवते आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला वयाची आडकाठी नाही. इथल्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, त्यांनाही बोलावणार आहे.

कोशप्रेमी
विषय शब्दाचा होता. 'वायंगण'ची व्युत्पत्ती कोणी देईल का? मला त्यात 'अंगण' दिसतं. घराजवळचं, हाताखालचं शेत.

मळेवाला
घराजवळ कुठे? आमचा वायंगणी मळा घरापासून अर्धा तास चालत, वहाळाकडे.

ओहोळ
कानाला सारखं लागलं म्हणजे मूळ एक होत नाही. गोव्यातही रब्बीच्या भाताला वायंगण आणि पावसाळी भाताला सरद म्हणतात. 'सरद'मध्ये शरद ऋतू ऐकू येतो. तिथून जोडीनं शोधावं, एकट्या शब्दाच्या मागे लागू नये.

पाणंद
गावांची नावं घ्या. वायंगणी वेंगुर्ले तालुक्यात आहे, मालवणातही आहे. आडनाव वायंगणकर. इतका जमिनीत मुरलेला शब्द 'लोकांना कळणार नाही' म्हणून खोडायचा?

माडाखालून
मला कळला नव्हता, आता कळला. पण पत्रकात खाली एक ओळ अर्थाची द्या, आमच्यासारख्यांसाठी.

निवृत्त शिक्षक (राजापूर)
भातानंतर ओलीवर कुळीथ, पावटा टाकतात, त्यालाही वायंगण म्हणायचं का? आमच्याकडे पाणी नव्हतं, वडील कुळीथच पेरत. त्याला बांध लागत नाही, नुसत्या दवावर येतो.

मळेवाला
नाही. वायंगण भाताचंच.

खारफुटी
आमच्या आजीच्या तोंडी चवळीलाही होतं. पाणी नसलेल्या बाईनं काय करायचं मग? कुळथाला काही नाव असेल ना?

मळेवाला
नाव आठवत नाही. आईला विचारून उद्या सांगतो. ती ८१ वर्षांची आहे, अजून पाटाचं पाणी स्वतः वळवते.