अनुभव धागा: लहान स्वयंपाकघरासाठी सिंक निवडताना

धागाकर्ती

स्वयंपाकघर नव्याने करताना ओटा ठरतो, कपाटं ठरतात, नळ पसंत पडतो आणि उरलेल्या जागेत मावेल ते सिंक आणलं जातं. जागा लहान असली की हा क्रम फार महागात पडतो. जे हे काम करतात किंवा ज्यांनी नीट अभ्यास करून करून घेतलं आहे, त्यांनी इथे लिहावं. ‘आमचं छान चाललंय’ एवढ्याने दुसऱ्याला काही कळत नाही. मापं, जाडी, जोडणी, काय बिघडतं आणि का बिघडतं ते लिहा. कंपन्यांची नावं आणि किमती नकोत.

मापटेप

सिंकवर छापलेलं माप बाहेरच्या कडेचं असतं. ६०×४५ सेंमी लिहिलेल्या सिंकचा बाउल आतून ५४×४० च्या आसपास निघतो, कड रुंद असेल तर आणखी कमी. भांडी आत घासायची असतात, म्हणून घरातलं सर्वांत मोठं भांडं आणि सर्वांत मोठा ट्रे मोजून घ्या आणि बाउलचं आतलं माप त्याहून चार-पाच सेंमी जास्त धरा. ट्रे तिरका ठेवून धुता येतो हे खरं, पण मग पाणी ओट्यावर येतं.

आता कपाट. ६० सेंमीच्या कपाटाच्या दोन्ही बाजूच्या फळ्या १८ मिमीच्या असतील तर आत ५६.४ सेंमी उरतात. अंडरमाउंट, म्हणजे दगडाच्या खालून बसवलेल्या सिंकची कड याच जागेत बसायला हवी, वर क्लिपा आवळायला दोन्हीकडे थोडी फट हवी. म्हणजे बाहेरचं माप ५४, आतून बाउल ५० सेंमी. टॉपमाउंटची, म्हणजे वरून सोडलेल्या सिंकची कड दगडावर टेकते, ती फळीच्या वरून पुढे गेली तरी अडत नाही. फक्त बाउल आणि त्याच्या क्लिपा आत मावल्या पाहिजेत. त्यामुळे त्याच कपाटात टॉपमाउंटचा बाउल दोन-तीन सेंमी मोठा घेता येतो. फळीला खाच पाडून मोठं सिंक बसवून देणारे सुतार असतात. ओट्याचा भार त्याच फळीवर असतो, हे त्यांना आठवण करून द्या.

पुढून मागचं गणित जास्त फसवं. ओट्याची खोली ६० सेंमी, त्यातून भिंतीची टाइल आणि तिच्यामागचा मसाला एक-दीड सेंमी खातात. बाउल ४० चा, पुढे दगडाची पट्टी ६-७ सेंमी, म्हणजे मागे नळासाठी जेमतेम १२ उरतात. वरून दिसणारी जागा पुरेशी वाटते, पण नळाचा नट खालून आवळावा लागतो आणि तिथे बाउलची मागची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामध्ये पाना फिरत नाही. नळ दगडावर बसवायचा असेल तर तो ओटा बसवण्याआधीच लावून घ्यावा.

सांडपाणी

मापटेप यांनी वरचं सगळं सांगितलं. मी खाली बघतो, कारण सिंक बदलल्यावर येणाऱ्या तक्रारी बहुतेक वेळा तिथल्याच असतात.

भिंतीत शिरणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपची उंची जमिनीपासून मोजा. सिंक पसंत करायच्या आधी. समजा ओट्याचा माथा ८६ सेंमीवर आहे, दगड २ सेंमीचा आणि जुनं सिंक टॉपमाउंट, १८ सेंमी खोल. त्याचा तळ ६८ वर होता. पाइप भिंतीत ५० वर शिरत असेल तर मधल्या १८ सेंमीत वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारा जोड) आणि ट्रॅप (आत पाणी अडवून गटाराचा वास रोखणारा वाकडा पाइप) आरामात बसले. आता तिथे २५ सेंमी खोल अंडरमाउंट आणलं. ८६ मधून दगडाचे २ आणि बाउलचे २५ गेले, तळ आला ५९ वर. कपलिंग आणि त्याची शेपटी ८ ते १० सेंमी घेतात, म्हणजे ४९-५१. ट्रॅपचं तोंड त्याच्याही खाली, आणि भिंतीतला पाइप ५० वरच. पाणी चढावर जाणार नाही. सिंकमध्ये तुंबत नसलं तरी पाइपमध्ये कायम पाणी उभं राहतं, तेलकटपणा थिजतो आणि काही महिन्यांत वास सुरू होतो. या हिशेबाने भिंतीतलं तोंड ४० सेंमीच्या जवळपास हवं. कचरा दळणारं यंत्र लावायचं असेल तर आणखी १५ सेंमीच्या आसपास खाली. भिंत फोडायची तयारी नसेल तर कमी खोलीचं सिंक घ्या, दुसरा उपाय नाही.

आडव्या पाइपला मीटरमागे २ सेंमी उतार. व्यास ४० मिमी चालतो, ५० मिमी बरा. घड्यांचा लवचीक पाइप लावू नका. प्रत्येक घडीत चिकटा साठतो आणि मधोमध झोळ पडला की तिथे दुसरा ट्रॅप तयार होतो. आखूड जागेत बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप देखणा दिसतो, पण स्वयंपाकघरातला गाळ त्याच्या तळाशी बसतो. जागा असेल तर पी-ट्रॅप, म्हणजे नुसता वळवलेला पाइप. आत अडून राहणाऱ्या पाण्याची खोली किमान ५० मिमी राहील असा घ्या, नाहीतर एकदम मोठं पाणी सोडल्यावर ट्रॅप ओढला जाऊन रिकामा होतो आणि गटाराचा वास थेट घरात येतो.

दोन_बाउल_नकोत

९० सेंमीपेक्षा लहान कपाटात दोन बाउल म्हणजे दोन निरुपयोगी बाउल. मधली भिंत, दोन उतार, दोन कपलिंगा आणि खाली त्यांना जोडणारा टी आकाराचा पाइप, एवढं करून कुठल्याच बाजूला मोठं भांडं सपाट बसत नाही. वेगळं ठेवायचंच असेल तर एका बाउलमध्ये प्लास्टिकचं टब ठेवा, काम झालं की उचला.

पत्रा_आणि_पॉलिश

स्टीलबद्दल दोन गोष्टी विचारल्या जातात, जाडी आणि ग्रेड. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे सुमारे दीड मिमी, १८ म्हणजे सव्वा मिमीच्या आसपास, २० म्हणजे एक मिमीहून किंचित कमी. लहान बाउलला १८ पुष्कळ झालं. दाबून काढलेल्या सिंकचा पत्रा कोपऱ्यात ताणला जाऊन पातळ होतो, म्हणून कडेला मोजलेली जाडी तळाला असेलच असं नाही. बाउलच्या मध्यावर अंगठा दाबून बघा. पत्रा आत जाऊन टक्कन परत आला तर ते सिंक सोडा.

ग्रेड म्हणजे स्टीलच्या मिश्रणाचा क्रमांक. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते गंजाला लवकर बळी पडतं. दुकानात चुंबक लावून दाखवतात त्याला भुलू नका. ३०४ आणि २०२ दोन्ही चुंबकाला धरत नाहीत, चुंबकाने फार तर त्याला धरणारं ४३० ग्रेडचं स्टील ओळखता येतं. उलट अस्सल ३०४ सुद्धा वाकवलेल्या कोपऱ्यांत चुंबकाला हलकं ओढतं. खात्री हवी असेल तर मँगनीज दाखवणारं थेंबाचं चाचणी-द्रावण मिळतं, ते कडेच्या खालच्या बाजूला वापरावं.

चांगलं ३०४ सुद्धा काम चालू असतानाच खराब होतं ते दोन कारणांनी. टाइल बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात, त्याची नुसती वाफ स्टीलवर तपकिरी ठिपके उठवते. आणि जवळ लोखंड कापलं की त्याचे कण सिंकवर बसून गंजतात. गंज कणांचा असतो आणि दोष सिंकला येतो. सगळं काम होईपर्यंत सिंक प्लास्टिकने झाकून कडा टेपने बंद ठेवा.

तळाला रबराच्या जाड पट्ट्या आणि त्यावर लेप आहे ना, तेही उलटं करून बघा. पट्ट्या आवाज मारतात. लेपामुळे गार पाणी भरल्यावर बाहेरून दव धरत नाही, नाहीतर ते कपाटात ठिबकत राहतं आणि लोक नळ गळतोय म्हणून शोधत बसतात.

कोपरा१०

पत्रा_आणि_पॉलिश, कोपऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. वाकवून आणि जोडून केलेल्या सिंकचे कोपरे काटकोनी मिळतात, फोटोत फार सुंदर दिसतात. त्या कोपऱ्यात स्पंज जात नाही. १० ते १५ मिमी गोलाई असलेला घ्या. जागा तेवढीच मिळते आणि घाण राहत नाही. या सिंकांचा तळ जवळजवळ सपाट असतो, म्हणून त्यावर पाणी जायच्या जाळीकडे जाणाऱ्या खाचा आखलेल्या असतात. खाचा असल्या तरी सिंक पातळीत बसलं नाही तर पाणी एका कोपऱ्यात थांबतं. पक्कं करण्यापूर्वी तांब्याभर पाणी ओतून बघावं.

जाळीचं भोक मागच्या कोपऱ्यात असलेलं मिळालं तर लहान घराला उत्तमच. ट्रॅप भिंतीजवळ जातो, पुढे कचऱ्याचा डबा बसतो आणि वर बाउलच्या तळाची सलग जागा मिळते.

दगडकाम

कटआउट कधीही कॅटलॉगवरून कापू नका. सिंक समोर हवं, निदान त्याच्या खोक्यातला कागदी टेम्प्लेट तरी. अंडरमाउंटमध्ये दगडाची कड बाउलच्या भिंतीशी कशी ठेवायची ते आधी ठरवा. दगड आत आला तर त्याच्या खालच्या खोबणीत बुरशी दिसत नाही आणि पुसताही येत नाही. दगड मागे ठेवला तर सिंकची कड उघडी पडते, पण साफ राहते. मी २-३ मिमी मागे ठेवण्याच्या बाजूचा आहे. अगदी बरोबरीत ठेवायचं तर कापणाऱ्याचा हात फार सफाईदार हवा.

कटआउटचे आतले कोपरे गोल काढायचे. ग्राइंडर काटकोनात थांबला की तिथूनच तडा सुरू होतो. सर्वांत कमकुवत जागा म्हणजे सिंकच्या पुढची आणि मागची अरुंद पट्टी. ती ५ सेंमीपेक्षा बारीक करू नये, ओटा उचलून नेताना तीच मोडते. ओट्याचा सांधा सिंकच्या मधोमध तर नकोच.

वजन विसरतात. ५०×४०×२२ सेंमीचा बाउल काठोकाठ भरला की ४४ लिटर, म्हणजे ४४ किलो, वर सिंक आणि भांडी. हे सगळं नुसत्या सिलिकॉनवर टांगून ठेवू नका. खालून क्लिपा किंवा दोन्ही फळ्यांना आडव्या पट्ट्या हव्यातच. भुश्याच्या बोर्डावर लॅमिनेट लावलेला ओटा असेल तर अंडरमाउंटचा विचार सोडा, कापलेली कड पाणी पिऊन फुगते.

काळं_सिंक_हवंय

क्वार्ट्झ कंपोझिटबद्दल कोणी सांगाल का? आणि पांढरं सिरॅमिक? जागा ६० सेंमीच्याच कपाटाची आहे.

दगडकाम

कंपोझिटमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त क्वार्ट्झची भुकटी आणि बाकी रेझिन. आवाज कमी, ओरखडा सहज पडत नाही. मात्र जड भांडं कडेवर पडलं तर टवका उडतो. पाणी जड असेल तर काळ्या रंगावर पांढरी साय चढते. सिंक खराब झालं असं वाटतं, तो क्षार असतो. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने निघतो, पण रोज कोरडं पुसणं हाच खरा उपाय. नळाचं भोक बहुतेकदा खालून अर्धवट कोरलेलं असतं. ते हातोडीने फोडण्यापेक्षा ३५ मिमीच्या डायमंड होल-सॉने काढा. आणि भिंत जाड असते, त्यामुळे बाहेरचं माप तेच असूनही आतली जागा स्टीलपेक्षा कमी मिळते. तुमच्या कपाटात हा फरक जाणवेल.

पांढरं सिरॅमिक सिंक भट्टीत भाजताना आकसतं, म्हणून छापील मापात थोडा फरक निघणारच. ते हातात आल्याशिवाय दगड किंवा कपाट काहीच कापायचं नाही. वजन पेलायला वेगळी चौकट हवी. काचेचा पेला त्यात निसटला की पेलाच फुटतो. इतक्या लहान जागेसाठी मी सुचवणार नाही.

उंच_नळ

नळाची उंची बघतात, पोहोच बघत नाहीत. नळाच्या बुडापासून धारेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. धार जाळीजवळ किंवा बाउलच्या मध्याजवळ पडायला हवी. ती मागच्या भिंतीवर आपटली तर शिंतोडे उडतात. कमी खोलीच्या बाउलवर उंच नळ लावला तरी तेच होतं. मागे खिडकी असेल तर ती आत उघडते का ते बघा. नळाची दांडी मागे जाणारी नको, बाजूची घ्या, १२ सेंमीच्या पट्टीत मागची दांडी टाइलला अडते आणि गरम किंवा गार एक बाजू पूर्ण उघडतच नाही.

कंबरदुखी

खोलीबद्दल सांडपाणी यांनी पाइपच्या बाजूने लिहिलं. माणसाच्या बाजूनेही तेच उत्तर येतं. २५ सेंमी खोल बाउलमध्ये उंच माणूस सतत वाकतो. १८ मध्ये शिंतोडे उडतात. २० ते २२ ठीक. हौसेने खोल घेतलंच असेल तर तळाला भांडी ठेवायची सुटी जाळी ठेवा, हात दोन-तीन सेंमी वर येतो.

नळदुरुस्ती

बसवतानाच्या काही बाबी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं संगमरवरासारख्या दगडाला खातं. दोन्ही पृष्ठं स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा, ओलसर दगडावर ते धरतच नाही. साधारण २४ तासांत दोन-तीन मिमी वाळतं, तोवर क्लिपा सैल करायच्या नाहीत आणि पाणी सोडायचं नाही. कपलिंगखाली पुटी (फट बुजवणारी तेलकट लांबी) वापरली तर नैसर्गिक दगडावर तेलाचा डाग उमटतो, तिथे रबरी वॉशरच पुरे. नट हाताने आवळून वर पाव फेरा. पान्याने जोर लावला की प्लास्टिकचा नट तडकतो आणि ते लगेच कळत नाही.

अँगल कॉक (नळाकडे जाणारं पाणी बंद करायचे कॉक) कपाटाच्या पुढून हात घालून बंद करता येतील असे ठेवा. डबा आणि सामान काढल्याशिवाय पोहोचता येत नसेल तर गळती लागल्यावर त्यांचा उपयोग नाही.

चाचणी धार सोडून होत नाही. बाउल ओव्हरफ्लोपर्यंत, म्हणजे काठाखालच्या जादा पाण्याच्या भोकापर्यंत भरायचा, ओव्हरफ्लोमधून दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग बूच एकदम काढायचं. पूर्ण दाबाने पाणी जात असताना प्रत्येक सांध्याखालून कोरडा टिश्यू फिरवा. बोटाला न जाणवणारा ओलावा टिश्यूवर लगेच दिसतो. हेच गरम पाण्याने पुन्हा, कारण प्लास्टिक गरम झाल्यावर नट किंचित सैलावतात.