बोगद्यात २५० मीटरवर, वळणाच्याही आधी वॉकीटॉकी बंद, वर ८५ मीटर कातळ: काय लावावं?

फेसवरून

नमस्कार मंडळी. चिपळूण-संगमेश्वर पट्ट्यातल्या पाणीपुरवठ्याच्या एका बोगद्याबद्दल विचारायचं आहे. आत्तापर्यंतची लांबी ९०० मीटर, आडवा छेद साधारण ५ बाय ५ मीटर, वरून कमानदार. मुखापासून ३८० मीटरवर अंदाजे ३० अंशांचं वळण आहे. पहिल्या ६० मीटरमध्ये जांभा आणि त्याखालची चिकण माती, तिथे स्टीलच्या रिब्स (आधाराच्या कमानी) आणि शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट). पुढे सगळा काळा दगड, ठिकठिकाणी छतातून ठिबक. वर उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. फेसच्या, म्हणजे खोदकाम चालू आहे त्या टोकाच्या डोक्यावर ८५ मीटर दगड.

सेट ५ वॅटचे, व्हीएचएफ, १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचे. मुखावरून १५० मीटरपर्यंत स्वच्छ ऐकू येतं, २०० ला खरखर, २५० ला काहीच नाही. मुखावर २५ वॅटचा बेस सेट लावला तर पल्ला जेमतेम १५ मीटरनी वाढला.

दोन गोष्टी हव्या आहेत. रोजच्या कामासाठी मुख ते फेस बोलणं. आणि मधे दरड बसली तर आतल्या माणसांशी बोलण्याची एक वेगळी वाट, जी त्याच केबलवर अवलंबून नसेल.

अँटेनावाला

तुमच्या त्या १५ मीटरमध्येच सगळं उत्तर आहे. ५ चे २५ वॅट म्हणजे ७ डेसिबल. ७ डेसिबलला १५ मीटर मिळाले, म्हणजे बोगदा दर १०० मीटरला जवळपास ५० डेसिबल खातोय. अशा ठिकाणी वॅट वाढवून काही साधत नाही. १०० वॅट लावलेत तरी आणखी बारा-तेरा मीटरच मिळतील.

कारण असं. १५० मेगाहर्ट्झची लहर २ मीटरची आणि बोगदा ५ मीटरचा. एवढ्या अरुंद जागेत लहर सतत भिंतींवर आपटते आणि दर वेळी काही ऊर्जा दगडात मुरते. ही गळती लहरीच्या लांबीच्या वर्गानुसार वाढते आणि बोगद्याच्या रुंदीच्या घनानुसार कमी होते. ४४६ मेगाहर्ट्झवर लहर ६७ सेंटिमीटरची, म्हणजे गळती साधारण नवव्या हिश्श्यावर येते. तुमच्या छेदाला कागदावर १०० मीटरला ५ ते ६ डेसिबल. प्रत्यक्षात खडबडीत भिंती आणि मधे उभा असलेला डंपर त्यात भर घालतात. तरी मुखापासून वळणापर्यंतचे सरळ ३८० मीटर यूएचएफवर, म्हणजे या ४४६ च्या पट्ट्यावर, निघायला हवेत. ४४६.० ते ४४६.२ या पट्ट्यातले कमी शक्तीचे, ईटीए (उपकरणाच्या मान्यतेचं) प्रमाणपत्र असलेले सेट विनापरवाना वापरता येतात. दोन सेट आणून आधी एवढं तपासा. हॅमचे (हौशी रेडिओचे) सेट मात्र कंत्राटाच्या कामाला चालत नाहीत.

वळणानंतर यूएचएफचीही मात्रा चालणार नाही. तिथे लीकी फीडर घाला, म्हणजे बाहेरच्या तांब्याच्या पत्र्याला मुद्दाम खाचा ठेवलेली जाड कोअॅक्स केबल. ती सगळ्या लांबीभर थोडी थोडी गळते, म्हणून ती जिथून जाईल तिथे सिग्नल पोचतो. साधी आरजी-५८ टाकून हे होत नाही. तिची जाळी पुरेशी गळत नाही आणि ९०० मीटरमध्ये ती सिग्नल स्वतःच खाऊन टाकते.

हिशोब असा. ७/८ इंची रेडिएटिंग केबलचा व्हीएचएफवरचा तोटा १०० मीटरला २ डेसिबल धरा, ९०० मीटरला १८. केबलपासून दोन मीटरवरच्या सेटपर्यंतचा कपलिंगचा तोटा ७० धरा. नेमके आकडे केबलच्या माहितीपत्रकात पाहा. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत ३७ डेसिबल जास्त). नुसती केबल टाकून हातातल्या सेटवरून हातातल्या सेटला बोलायचं तर ३७ वजा ७० वजा १८ वजा ७० म्हणजे उणे १२१. रिसीव्हर इथे जेमतेम टेकतो. पण मुखावर रिपीटर (ऐकलेला सिग्नल नव्या शक्तीनं पुन्हा पाठवणारा सेट) ठेवून केबल थेट त्याला जोडली की एक ७० गळून पडतो आणि फेसवरचा सेट रिपीटरला उणे ५१ वर ऐकू येतो. उलट दिशेला १ वॅटचा रिपीटर फेसवर उणे ५८ देतो. लाइन अॅम्प्लिफायर न लावता एवढी सढळ मोकळीक मिळते. म्हणून आहेत ते व्हीएचएफ सेटच ठेवा आणि पैसे केबल-रिपीटरवर घाला. रिपीटरला फ्रिक्वेन्सीची जोडी लागते, त्यासाठी डब्ल्यूपीसीकडे (वायरलेस परवाने देणाऱ्या केंद्रीय विभागाकडे) सरल संचार पोर्टलवरून अर्ज करा.

बसवताना केबल भिंतीला चिकटवू नका. ५ ते १० सेंटिमीटर सुटी ठेवा, कारण ओल्या भिंतीला टेकली की तोटा वाढतो. रिब्स आणि जाळीवाल्या पहिल्या ६० मीटरमध्ये तर अंतर जास्तच ठेवा. उंची डंपरच्या हौद्याच्या वर, हवेच्या डक्टच्या विरुद्ध बाजूला. केबल फेसपासून १०० मीटर मागेच संपवा, म्हणजे ब्लास्टचे दगड लागणार नाहीत. शेवटच्या टोकाला फेसकडे तोंड केलेली छोटी यागी (एकाच दिशेला सिग्नल फेकणारी अँटेना) जोडली की उरलेले १०० मीटर तिच्यावर निघतात. टोक उघडं मात्र कधीच ठेवू नका. अँटेना काढलीत तर ५० ओहमचा लोड लावा, नाहीतर परतणाऱ्या लहरींमुळे बोगद्यात दर मीटरभरावर आवाज येतो-जातो.

आपल्याकडे ही यंत्रणा मरते ती एन-कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या जोडांत. खारी हवा, वरून ठिबक, आणि एका पावसाळ्यात आतली पिन हिरवी. प्रत्येक जोडावर आधी सेल्फ-अॅमल्गमेटिंग (स्वतःशीच एकजीव होणारी) टेप ताणून, वर साधी पीव्हीसी टेप, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना केबलला खाली झोळ. म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, कनेक्टरकडे जाणार नाही.

डोंगरवाट

वळणावर दोन यागी पाठीला पाठ लावून केबलनं जोडल्या तर? एक मुखाकडे, एक फेसकडे. वीजही लागणार नाही.

अँटेनावाला

वळणावर समजा उणे ६० डीबीएम पोचला. दोन यागींचे मिळून २० डेसिबल धरले आणि केबलचा तोटा सोडून दिला, तरी पलीकडे निघतो उणे ४० च्या आसपास, म्हणजे वॅटचा एक कोटीवा हिस्सा. तिथून ५२० मीटर जायचं, वर सेटच्या छोट्या अँटेनाचा आणि माणसाच्या अंगाचा तोटा. उरलंच काही तर एका जागी उभं राहून ऐकण्यापुरतं. चार्ज करायची बॅटरी असलेला छोटा रिपीटर वळणावर ठेवणं यापेक्षा कितीतरी बरं. बचाव पथकं मेश सेट (एकमेकांचा सिग्नल पुढे देणारे सेट) टप्प्याटप्प्यानं ठेवत जातात तेही हेच, प्रत्येक टप्प्यावर सिग्नल नव्या शक्तीनं निघतो.

कातळसडा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. केबल नेमकी तुटते ती दरडीखाली, त्यामुळे वेगळी वाट हवी हा आग्रह रास्त आहे. अमेरिकेत २००६ मध्ये सागो खाणीत १२ जण गेल्यावर अपघातानंतरही चालेल अशी संपर्कव्यवस्था खाणींना कायद्यानं बंधनकारक झाली. उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ जण अडकले तेव्हा आधीपासून टाकलेल्या ४ इंची पाइपातून हवा, खाणं आणि बोलणं चालू राहिलं. म्हणून पहिलं काम रेडिओचं नाही. तळाच्या कोपऱ्यात, मातीत अर्धा गाडलेला ४ ते ६ इंची स्टीलचा पाइप फेसच्या जवळपर्यंत ठेवा आणि त्यात दोन पदरी वायर ओढून दोन्ही टोकांना हातानं फिरवायचे मॅग्नेटो फोन. त्याला बाहेरची वीज लागत नाही, परवाना लागत नाही.

आता दगडातून आरपार. व्हीएचएफ ओल्या दगडात, दगडाचा विद्युतरोध १०० ओहम-मीटर धरला तर, मीटरमागे ५ ते ६ डेसिबल गमावतं. ८५ मीटरचा विषयच संपला. म्हणून खाली किलोहर्ट्झमध्ये यायचं. सूत्र लक्षात ठेवा: शोषणाची खोली मीटरमध्ये = ५०३ गुणिले (दगडाचा रोध भागिले फ्रिक्वेन्सी) याचं वर्गमूळ. रोध ओहम-मीटरमध्ये, फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये. अशा प्रत्येक खोलीमागे ८.७ डेसिबल जातात, शिवाय अंतरामुळे होणारी घट वेगळी. ८७ किलोहर्ट्झवर ५०० ओहम-मीटरच्या दगडात ही खोली ३८ मीटर, २०० मध्ये २४, चिंब चिकणमातीच्या ५० मध्ये फक्त १२. खाडीच्या पाण्यात एक मीटरही नाही, त्यामुळे खाडीखालून जाणाऱ्या कामाला हा उपाय नाही.

८७ किलोहर्ट्झ सिंगल साइडबँड, वरची बाजू, ही ब्रिटनमधल्या गुहा-बचाव पथकांच्या हेफोन या दगडातून बोलायच्या सेटची पद्धत. अँटेना म्हणजे जमिनीत रोवलेले दोन इलेक्ट्रोड, सेटपासून दोन्ही बाजूंना २५-२५ मीटर वायर. वरची वायर बोगद्याच्या अक्षाला समांतर आणि बरोबर डोक्यावर. काटकोनात टाकलीत तर मधोमध काहीच ऐकू येणार नाही.

कोकणात अडचण येते ती इलेक्ट्रोडची. १२ मिलिमीटरची सळई अर्धा मीटर आत, जमिनीचा रोध १००० ओहम-मीटर, तर एका सळईचा रोध १५०० ओहमच्या वर जातो. मे महिन्यातल्या सड्यावर तर पहारही बसत नाही. तिथे सळईचा हट्ट सोडा. कातळातला खोलगट खड्डा शोधा, त्यात तांब्याची जाळी पसरा, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट चार घड्या करून, त्यावर चिरे ठेवून दाबा. दर तासाला पाणी शिंपडा, कारण सड्यावरच्या उन्हात गोणपाट बघता बघता कडक होतं आणि आवाज हळूहळू बुडत जातो. ऐकणाऱ्याला वाटतं सेट बिघडला. जवळ व्हाळ किंवा भाताचं खाचर असेल तर सरळ तिथेच चार सळया दीड-दीड मीटरवर ठोकून एकत्र जोडा.

जुळणी विसरू नका. १२ व्होल्टवर चालणारा १० वॅटचा अॅम्प्लिफायर साधारण ४ ओहमसाठी असतो. तो थेट ४०० ओहमच्या जमिनीला जोडला तर १०० मिलिवॅटच्या आसपासच निघतात. मधे फेराइट टोरॉइडचा ट्रान्सफॉर्मर हवा, १:५, १:७, १:१० आणि १:१५ असे टॅप काढलेला. म्हणजे १०० पासून ९०० ओहमपर्यंत जमेल. ४०० ओहमवर पूर्ण १० वॅट गेले की वायरवर ६३ व्होल्ट आणि १६० मिलिअँपिअर असतात. इलेक्ट्रोडला हात लावायचा नाही.

आत रॉकबोल्ट (दगडाला आधार म्हणून त्यात बसवलेल्या सळया) हे उत्तम इलेक्ट्रोड. ग्राउट भरलेला बोल्ट दगडाला सगळ्या लांबीभर चिकटलेला असतो. पण दोन्ही बोल्ट एकाच वेल्डमेशच्या तारजाळीला टेकले असतील तर करंट जाळीतूनच परत फिरेल आणि वर काही येणार नाही. मल्टिमीटरनं दोघांमधला रोध बघा. एक-दोन ओहम दाखवला तर जाळी नसलेल्या भागातले बोल्ट घ्या.

वेळ सकाळची निवडा. मे-जूनमध्ये दुपारनंतर विजांची खरखर या पट्ट्यात फार असते.

शॉटफायरर

वरचं सगळं वाचण्याआधी हे वाचा. इलेक्ट्रिक डिटोनेटर वापरत असाल तर जमिनीतल्या भटक्या करंटची मान्य मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. कातळसडा यांचा सेट १६० मिलिअँपिअर थेट दगडात सोडतो. चार्जिंग, म्हणजे भोकांत स्फोटकं भरणं, सुरू झाल्यापासून ब्लास्ट होऊन फेस तपासेपर्यंत हा सेट बॅटरी काढून कुलपात. हातातले सेट आणि मोबाइलही चार्जिंगच्या जागेपासून दूर, किती दूर ते ब्लास्टिंगच्या जबाबदार माणसानं लेखी ठरवायचं. लीकी फीडरच्या टोकाची यागी फेसकडे बघते, तेव्हा रिपीटरही त्या वेळी बंद. शॉक ट्यूबच्या नॉनेल (विजेऐवजी नळीतल्या धक्क्यानं पेटणाऱ्या) डिटोनेटरनं विजेचा धोका बराच कमी होतो, पण त्याला पेटवणारा पहिला डिटोनेटर इलेक्ट्रिक असेल तर नियम तेच.

दरडीनंतर फेसवर न फुटलेली भोकं असू शकतात. म्हणून आणीबाणीच्या सेटचे आतले बोल्ट आजच निवडून, रंगवून ठेवा. फेसपासून लांब, पण माणसं जिथे आसरा घेतील त्याच बाजूला.

फेसवरून

मनापासून आभार. आमच्याकडे नॉनेल आहे, सुरुवातीचा डिटोनेटर इलेक्ट्रिक. नियम लिहून लावतो. इलेक्ट्रिशियनच्या चार सळयांच्या अर्थिंग टेस्टरनं सड्यावर मोजलं: सळया ४० मीटर अंतरावर, वाचन १.१ ओहम. यावरून काही सांगता येईल?

कातळसडा

येईल. रोध = २ × पाय (३.१४) × अंतर × वाचन, म्हणजे २५१ गुणिले १.१, साधारण २७५ ओहम-मीटर. ४० मीटर अंतर ठेवलंत ते बरं केलंत, १० मीटरवर मोजलं असतं तर वरच्या जांभ्याचाच आकडा आला असता. ८७ किलोहर्ट्झवर खोली २८ मीटर, म्हणजे ८५ मीटरला तीन खोल्या, २६ डेसिबल. बोलणं व्हायला हवं.

पण हा कोरड्या दिवसांतला आकडा आहे. पावसाळ्यात रोध निम्म्यावर आला तर खोली २० मीटरवर येते आणि तोटा ३७ डेसिबलवर जातो, ११ नी जास्त. इलेक्ट्रोड ओले झाल्यानं त्यातले तीनेक परत मिळतील, तेवढेच. म्हणून आत्ताची चाचणी पूर्ण शक्तीवर करून थांबू नका. १० वॅटवर बोलणं झालं की शक्ती ०.३ वॅटवर आणा, म्हणजे १५ डेसिबल कमी. तेव्हाही आकडे न चुकता वाचून दाखवता आले तर जुलैत चालेल. नाही आले तर आधी वरच्या इलेक्ट्रोडची जागा बदला, सेटला हात लावू नका. आणि श्रावणात एकदा पुन्हा हीच चाचणी, त्याच बोल्टवरून.