मदत हवी आहे: रीफ टँकमध्ये अल्कलिनिटी चढत नाही, पंपावर पांढरा थर
दादरला घरी 200 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरलचा) आहे, दीड वर्ष झालं. बहुतेक सॉफ्ट कोरल, एसपीएस (बारीक पॉलिपचे कठीण कोरल) चारच तुकडे. आजचे आकडे: अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) 6.8 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 470, मॅग्नेशियम 1150 पीपीएम, सॅलिनिटी 1.025, चिलरवर 26 अंश. पीएच संध्याकाळी 8.5 पर्यंत जातो.

डोसिंग हातानेच. भाजलेला खायचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही संपमध्ये (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी), मध्ये जेमतेम दहा मिनिटं सोडून. गेल्या आठवड्यात रिटर्न पंप अडकला. उघडला तर इम्पेलरवर खडूसारखा थर, व्हिनेगरमध्ये टाकताच फसफसला. वाळूचेही गठ्ठे झालेत.

अल्कलिनिटी पडतेय म्हणून मी सोड्याचा डोस वाढवत गेलो (तिथेच शेण खाल्लं बहुतेक). 15 टक्के पाणी बदललं, नवीन किटने पुन्हा तपासलं, आकडे तेच. पाणी आरओडीआयचं (गाळून क्षार काढलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) 0. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरला (कॅल्शियम आणि अल्कलिनिटी आपोआप पुरवणारं यंत्र) जागा नाही आणि दिवसभर घरी कोणी नसतं, तेव्हा डोस सकाळी सात आणि रात्री दहालाच शक्य.

कॅल्शियम तूर्तास बंद केलंय. मॅग्नेशियम कमी असलं की कॅल्शियम कार्बोनेटचा असा थर सहज बसतो, म्हणून विचारतो. आता आधी मॅग्नेशियम 1350 पर्यंत नेऊन मग अल्कलिनिटीला हात लावू, की न भाजलेल्या सोड्याचा थोडा डोस सोबत चालू ठेवू? आणि मॅग्नेशियम रोज किती पीपीएमने वाढवलं तर कोरलना त्रास होणार नाही?