मदत हवी आहे: आरव्हीने फिरून माजी सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत (अमेरिका)

सांजवाट:
नमस्कार मंडळी. मी आणि नवरा, दोघंही नोकरीतून मोकळे झालो आहोत. २५ फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोटारगाडी, दारात उभी आहे. ओहायोपासून सुरुवात करून इंडियाना, इलिनॉय, आयोवा असं नेब्रास्कापर्यंत जायचं आणि वाटेतल्या लहान गावांतल्या माजी सैनिकांना बोलतं करायचं, असा बेत आहे. रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या, ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ला द्यायची. २००० सालच्या कायद्याने सुरू झालेला हा संग्रह आमच्यासारख्या स्वयंसेवकांनी घेतलेल्या मुलाखतीही स्वीकारतो. निदान ३० मिनिटांची, काटछाट न केलेली मुलाखत आणि सोबत माहितीचे व परवानगीचे फॉर्म लागतात. ते भरणं आम्हाला जमेल.

वाद रस्त्यावरून चाललाय. नवरा म्हणतो, आरव्ही पेट्रोल पिते, सरळ पश्चिमेला जात राहू. माझं म्हणणं, सगळ्यात म्हातारा माणूस जिथे असेल तिथे आधी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे १.६ कोटी लोक वर्दीत होते. १९४५ मध्ये अठरा वर्षांचा असलेला पोरगा आज शंभरीला टेकलाय. कोरियात लढाई १९५३ मध्ये थांबली, तेव्हाची पोरंही नव्वदीत आहेत. हे लोक आपल्या नकाशासाठी थांबणार आहेत का?

आता खऱ्या अडचणी. अनोळखी बाई, बोलण्यात आपला हेल, फाटकाशी अवाढव्य गाडी. म्हाताऱ्यांना फोनवरून लुबाडणारे इतके झालेत की त्यांच्या मुलांनी संशय घेतला तर मी त्यांना दोष देणार नाही. मग शिरकाव कुणामार्फत करावा? दुसरं, नवऱ्याला आरव्हीतल्या जेवणाच्या टेबलाचा स्टुडिओ करायचाय, भिंतींना फोम चिकटवून. चालेल का? आणि बोलता बोलता माणूस कोसळला तर? आम्ही काही समुपदेशक नाही.

रानवारा:
ताई, वयाचं तुमचंच बरोबर. भावजींना म्हणावं, पेट्रोल नंतरही मिळेल.

शिरकावासाठी व्हीएफडब्ल्यू आणि अमेरिकन लीजन, या माजी सैनिकांच्या संघटना. लहान गावातसुद्धा यातल्या एकाचा तरी हॉल असतो. आधी पत्र पाठवा, मग जेवणाच्या संध्याकाळी जाऊन नुसतं बसा, माईक गाडीत ठेवून. ओहायोत प्रत्येक काउंटीत व्हेटरन्स सर्व्हिसचं ऑफिस आहे, तिथेही भेटा. फक्त कुणाचा नंबर मागू नका. तुमचा देऊन या आणि फोन त्यांना करू द्या. संशय निम्मा तिथेच मिटतो. गावची लायब्ररी मिळाली तर आणखी उत्तम, तिथली खोलीही मिळू शकते.

हिवाळ्याचाही विचार करा. थंडीत उत्तरेकडचे निवृत्त लोक ॲरिझोना, फ्लोरिडा, दक्षिण टेक्सासच्या आरव्ही पार्कांत मुक्काम टाकतात. त्यांच्यात व्हिएतनामचे माजी सैनिक भरपूर. तिथे तुम्ही पाहुण्या नाही, शेजारी. नव्वदीच्या पुढचे मात्र तिथे सहसा दिसणार नाहीत, ते घरी किंवा राज्याच्या व्हेटरन्स होममध्ये.

कानसेन:
स्टुडिओ विसरा. फोम प्रतिध्वनी मारतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. पातळ भिंती, शेजाऱ्याचा जनरेटर, छतावरचा एसी, आणि पाऊस आला तर ताशाच! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दाराच्या अरुंद पायऱ्या. पंच्याण्णव वर्षांच्या माणसाला त्या चढायला लावणार का? आरव्ही झोपायला ठेवा, मुलाखत त्यांच्या घरात घ्या.

घरात शत्रू एकच, फ्रिज. परवानगी घेऊन तो बंद करा आणि स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवा. म्हणजे फ्रिज परत सुरू केल्याशिवाय निघताच येत नाही. रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे. शर्टाला लावायचा माईक घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मोनोमध्ये तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. त्याच रात्री दोन प्रती करा, त्यातली एक आरव्हीबाहेर कुणाकडे तरी पोहोचवा.

लायब्ररी ऑफ काँग्रेसला पाठवताना सरकारी टपाल टाळा. तिथल्या टपालाची सुरक्षा तपासणी होते, त्यात डिस्क आणि फोटो खराब होऊ शकतात. खासगी कुरिअरच बरं.

सांजवाट:
किल्लीची युक्ती नवऱ्याला एवढी आवडली की स्टुडिओचा हट्ट सुटला! कोसळण्याबद्दल कुणी सांगेल का? आणि सैन्यातून सुटल्याचा कागद, डीडी-२१४, बघायला मागावा का?

निशिगंध:
मी माजी सैनिकांच्या वॉर्डात नर्स होते, त्यामुळे थोडं अधिकाराने सांगते.

कागदासाठी अडून बसू नका. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९५९ या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. घरची प्रतही हरवली असेल तर त्या माणसाच्या हातात काय उरलं असेल? तुम्ही कागद मागितलात की त्याला वाटतं आपल्याला खोटं ठरवताहेत. स्वतःहून दाखवला तर फोटो घ्या.

लढाईपासून सुरुवात करू नका. भरती कुठे झाली, आई काय म्हणाली, बूट मापाचे मिळाले का, इथून. ‘कुणाला मारलंत का’ हा प्रश्न कधीच नाही. तो गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा, घाईने पुढचा प्रश्न टाकू नका. रडला तर विचारा, ‘थांबायचं का?’ आणि तो म्हणेल तसं. मुलगी खोलीत असावी की नसावी हे त्यालाच, ती नसताना, आधी विचारून ठेवा. बापाने घरी न सांगितलेलं बरंच असतं.

वेळ सकाळची ठेवा. माईक बंद झाल्यावर लगेच उठू नका, अर्धा तास इकडचं तिकडचं बोला. रात्री त्याच्या सोबतीला कोण आहे याची चौकशी करून निघा. काळजी वाटलीच तर ९८८ लावून १ दाबायचं, ती व्हेटरन्ससाठीची संकटकालीन लाइन आहे. हा नंबर घरच्यांनाही लिहून द्या.

आणि तोफखान्यातले असतील तर कान गेलेलेच समजा. तुमच्या तोंडावर उजेड पडेल असं समोर बसा, प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून न्या.